सीझनची सुरुवात, टीमची हार आणि मनाचा उतार



आजचा पाठ: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ६२ आणि ६३
जोडीला वाचा: अध्याय १७, श्लोक १५ आणि अध्याय १८, श्लोक १४ ते १६

मार्च संपत आला, ऊन तापलं, नीरेचं पाणी उतरलं, की आपल्याकडे दोन गोष्टी सुरू होतात. एक गावोगावच्या यात्रा आणि दुसरी आयपीएल. शिरवळात तर बघायलाच नको. एमआयडीसीतली पोरं, पशुवैद्यकीय कॉलेजचे विद्यार्थी, एका खोलीत चौघं-चौघं राहणारे भाडेकरू, संध्याकाळी साडेसात वाजले की सगळ्यांच्या मोबाइलवर एकच चित्र. दुसऱ्या पाळीवाले बिचारे सुट्टी झाल्यावर आधी स्कोअर विचारतात, मग डबा उघडतात.

यातले पुष्कळ जण मुंबई इंडियन्सचे. आणि मुंबईचा फॅन असणं म्हणजे काय, ते सीझनच्या पहिल्या पंधरवड्यातच कळतं. २०१३ पासून २०२५ पर्यंत सलग १३ सीझन या टीमने आपला पहिला सामना हरलेला आहे. २०१४ ला पहिले ५ सामने गेले. २०१५ ला पहिले ४. २०२२ ला तर सलग ८. २०२४ ला पहिले ३. २०२५ ला पहिल्या पाचातले ४.

मग व्हॉट्सअॅप ग्रुपवर काय सुरू होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. "ह्याला हाकला." "मालकांनी वाटोळं केलं." "आजपासून मॅच बंद." आणि दुसऱ्या दिवशी साडेसातला तीच मंडळी परत हजर!

आपल्यातले काही जण विचारतात, सकाळी हरिपाठ म्हणायचा आणि रात्री टीव्हीसमोर शिव्या घालायच्या, हे बरोबर आहे का? साधकाने मॅच बघावी का? राग आला तर ते पाप का? प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आजच्या दोन श्लोकांत त्याचं उत्तर आहे, आणि ते आपण समजतो त्याहून गंभीर आहे.

आधी संदर्भ

दुसऱ्या अध्यायात ५४ व्या श्लोकात अर्जुन विचारतो, ज्याची बुद्धी स्थिर झाली तो माणूस ओळखायचा कसा? तो बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा? प्रश्न किती साधा आहे बघा. अर्जुनाला व्याख्या नकोय, वागणं बघायचंय. भगवंतांचं उत्तर ७२ व्या श्लोकापर्यंत चालतं. त्यात मध्येच, ६२ आणि ६३ मध्ये, ते उलटी बाजू दाखवतात. स्थिर माणूस कसा असतो हे सांगता सांगता, माणूस ढासळतो कसा तेही सांगून टाकतात.

ढासळण्याच्या पायऱ्या आठ आहेत. विषयाचं चिंतन, त्यातून संग म्हणजे चिकटणं, त्यातून काम म्हणजे हवंच असं वाटणं, त्यातून क्रोध, क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश, त्यातून बुद्धिनाश आणि शेवटी नाश.

खंबाटकी घाट उतरताना गाडी न्यूट्रलला टाकली तर काय होईल? सुरुवातीला काहीच वाटत नाही, उलट मजा येते. वळण आलं की कळतं. हा उतार तसाच आहे. पहिल्या पायरीवर ब्रेक सहज लागतो, सहाव्या पायरीवर पाय दाबूनही लागत नाही.

आठ पायऱ्या, आपल्या भाषेत

पहिली, चिंतन. सामना तीन-साडेतीन तासांचा. पण आपण त्याला दिवसभर पुरवतो. सकाळी रील, दुपारी जेवताना पॉडकास्ट, संध्याकाळी प्लेइंग इलेव्हनचा अंदाज, रात्री सामना, सामन्यानंतर पुन्हा त्याचंच पोस्टमॉर्टेम. मन ज्याच्याभोवती इतका वेळ फिरतं, त्याचा रंग मनाला लागणारच.

दुसरी, संग. "मुंबई हरली" असं आपण म्हणत नाही. "आपण हरलो" म्हणतो. वास्तविक त्या संघात बडोद्याचे, पंजाबचे, न्यूझीलंडचे खेळाडू. वानखेडे आपल्यापासून दोनशे किलोमीटरच्या आसपास. तरी ते "आपण". यात वाईट काही नाही. माणसाला जोडलं जायला आवडतं. पण कुठे जोडलो गेलो, ते माहीत तरी हवं.

तिसरी, काम. आता जिंकलंच पाहिजे. पाच ट्रॉफ्या घेतलेली टीम हरतेच कशी? इथे आवडीची मागणी होते. ज्याने सामन्यावर पैसे लावलेत, तो तर या पायरीवर उभाच नाही, पार घसरलेला आहे.

चौथी, क्रोध. मागणी पुरी झाली नाही की राग ठरलेला. भगवंत राग कुठून येतो ते इथे स्पष्ट सांगतात. झेल सुटला म्हणून राग येत नाही. झेल घेतलाच पाहिजे असं आपण आधी ठरवलेलं असतं, म्हणून येतो. समोरच्या टीमच्या फॅनला त्याच झेलाचा आनंद झालेला असतो की नाही?

पाचवी, संमोह. दिसतंय ते नीट दिसेनासं होतं. पीच, दव, टॉस, समोरच्याची चांगली बॉलिंग, काही दिसत नाही. एकच चेहरा दिसतो, ज्याच्यावर खापर फोडायचं.

सहावी, स्मृतिभ्रंश. ही पायरी मला सगळ्यात जास्त पटते. २०१५ ला पहिल्या ६ सामन्यांतले ५ हरलेली मुंबई २४ मे रोजी ईडन गार्डन्सवर चेन्नईला ४१ धावांनी हरवून चॅम्पियन झाली. २०१४ ला पहिले ५ हरूनही २५ मे रोजी वानखेडेवर राजस्थानविरुद्ध १९० धावांचं लक्ष्य साडेचौदा ओव्हरच्या आसपास गाठायचं गणित जमवून दाखवलं. आदित्य तरेचा तो सिक्स कितीतरी जणांना अजून आठवतो. २०२५ ला पहिल्या पाचातले ४ हरल्यावर सलग ६ सामने जिंकून टीम क्वालिफायर दोनपर्यंत पोचली. हे सगळं आपल्याला तोंडपाठ असतं. पण रागाच्या क्षणी? एकही आकडा आठवत नाही. गीतेतला स्मृतिभ्रंश म्हणजे हाच. माहिती डोक्यात असते, पण हवी तेव्हा हाताला लागत नाही.

आणि हो, २०२२ चा सीझन असाही होता की सुरुवात वाईट झाली आणि शेवटही वाईटच झाला. १४ पैकी ४ जिंकून मुंबई तळाला राहिली. म्हणजे "शेवटी सगळं चांगलंच होतं" असं गीता सांगत नाही, मीही सांगत नाही. आठवण ठेवायची ती दोन्हीची.

सातवी, बुद्धिनाश. खेळाडूच्या बायकोच्या फोटोखाली जाऊन घाण लिहिणं. शाळेपासूनच्या मित्राला दुसऱ्या टीमचा म्हणून ग्रुपमधून काढणं. घरात आई जेवायला हाक मारतेय तर तिच्यावर खेकसणं. चांगल्या घरातली, शिकलेली पोरं हे करतात.

आठवी पायरी खरी असते

नाश हा शब्द वाचून वाटतं, एवढं काय! क्रिकेटच तर आहे. म्हणून एक गोष्ट जड मनाने लिहितो.

२७ मार्च २०२४ ची रात्र. हैदराबादने मुंबईविरुद्ध २७७ धावा केलेला तो सामना. आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावात काही मंडळी एकत्र बसून तो बघत होती. रोहित शर्मा आउट झाल्यावर एका वडीलधाऱ्या माणसाने आनंद दाखवला, चेष्टा केली. त्यावरून वाद झाला, वादातून मारहाण झाली, आणि त्या मारहाणीत जखमी झालेला तो माणूस काही दिवसांत गेला. ओळखीच्या माणसांत, एका विकेटवरून.

त्या रात्री मैदानावर जे खेळत होते त्यांना याचा पत्ताही नव्हता. पुढच्या सामन्याला ते विमानाने निघून गेले. इथे मात्र एक घर उघडं पडलं आणि आणखी घरांची पोरं कायद्याच्या कचाट्यात सापडली.

मंडळी, गीतेने आठवी पायरी लिहिली ती आपल्याला घाबरवायला नाही. ती खरीच तिथे आहे म्हणून लिहिली. आणि तिथे पोचलेला कुणीही सकाळी घरून तसं ठरवून निघालेला नसतो. सुरुवात चिंतनापासूनच झालेली असते.

एकच मैदान, दोन आवाज

आता दुसरं उदाहरण. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईने रोहितच्या जागी हार्दिक पांड्याला कॅप्टन केलं. फॅन दुखावले. ते दुखणं खोटं नव्हतं, दहा वर्षांची सवय आणि पाच ट्रॉफ्यांचं प्रेम होतं त्यामागे. पण १ एप्रिल २०२४ ला राजस्थानविरुद्ध मुंबई घरच्या मैदानावर उतरली, तेव्हा वानखेडेने आपल्याच कॅप्टनची हुर्यो उडवली. टॉसच्या वेळी संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागा म्हणून सांगावं लागलं. सीमारेषेजवळ उभा असलेला रोहितसुद्धा हाताने खुणावताना दिसला, की असं करू नका. ज्याच्या प्रेमापोटी हे चाललं होतं, त्यालाच ते नको होतं!

मग २९ जूनला बार्बाडोसमध्ये टी-२० वर्ल्ड कपची फायनल झाली. शेवटच्या ओव्हरमध्ये दक्षिण आफ्रिकेला १६ धावा हव्या होत्या. बॉल हार्दिकच्या हातात. पहिल्याच बॉलवर मिलर गेला, सूर्यकुमारने सीमारेषेवर तो अफाट झेल घेतला, आणि भारत ७ धावांनी जिंकला. ४ जुलैला मरीन ड्राइव्हवरून मिरवणूक वानखेडेवर आली, तेव्हा त्याच स्टेडियममध्ये "हार्दिक, हार्दिक" असा गजर झाला.

१ एप्रिल ते ४ जुलै. मोजले तर ९४ दिवस. माणूस तोच, मैदान तेच, ओरडणारेही बरेचसे तेच असणार.

इथे जरा थांबून विचार करा. त्या गर्जनेपैकी खरी कुठली होती? मला वाटतं, दोन्हींचा त्या माणसाशी फारसा संबंध नव्हता. दोन्ही आपल्या हव्या-नकोचे आवाज होते. म्हणून जो माणूस लोकांच्या टाळ्यांवर आपली किंमत ठरवेल, त्याचं कठीण आहे. हे ऑफिसात अप्रेजलची वाट बघणाऱ्या आपल्यालाही लागू आहे बरं का.

खापर कुणावर फोडायचं?

अठराव्या अध्यायात १४ व्या श्लोकात भगवंत सांगतात, कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात. अधिष्ठान म्हणजे जागा, आधार. कर्ता. करण म्हणजे साधनं. चेष्टा म्हणजे वेगवेगळ्या हालचाली, प्रयत्न. आणि पाचवं दैव. पुढे १६ व्या श्लोकात म्हणतात, हे पाच असताना जो एकट्यालाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही.

हे सूत्र घेऊन मुंबईची २०२५ ची सुरुवात बघा. आदल्या सीझनच्या स्लो ओव्हर रेटमुळे कॅप्टनवर एका सामन्याची बंदी, म्हणून तो पहिल्या सामन्यात नाही. पाठीच्या दुखापतीमुळे बुमरा पहिले चार सामने नाही. परक्या मैदानावर पहिले दोन सामने. नव्याने जमवलेली टीम. समोरचेही पगार घेऊनच खेळायला आलेले. आणि टॉसचं नाणं कुणाच्या बापाचं नाही. पाच कारणं मोजता मोजताच राग निम्मा उतरतो, करून बघा.

याचा अर्थ कुणाचीच चूक नसते, असा नाही. पाचांत कर्ता हे एक कारण आहेच. टीका करायला गीतेची मनाई नाही. टीका कशी असावी, त्यासाठी सतराव्या अध्यायातला १५ वा श्लोक आहे, वाणीचं तप. त्यात बोलण्याच्या कसोट्या दिल्यात. समोरच्याला अस्वस्थ करून सोडणारं नसावं. खरं असावं. प्रिय असावं. हिताचं असावं. "पॉवरप्लेमध्ये अमुक बॉलरला आधी आणायला हवं होतं" हे वाक्य पास होतं. "हा अपशकुनी आहे, मरू दे" हे नापास. कमेंट टाकण्याआधी इतकी तपासणी पुरे.

फॅन आणि भक्त

गंमत बघा. फॅन हा शब्द फॅनॅटिकवरून आला, आणि त्याचं मूळ लॅटिनमधल्या देवळाच्या शब्दात आहे. म्हणजे फॅन मुळात देवळातलाच माणूस. आणि आपल्याकडे सज्जनगडच्या समर्थांनी दासबोधात भक्ताची ओळख अगदी साधी सांगितली, जो देवापासून वेगळा पडत नाही तो भक्त.

मग जिंकल्यावर "आपण" आणि हरल्यावर "ते" म्हणणारा फॅन कसला?

आता जरा लांबची गोष्ट. अमेरिकेत बेसबॉलचा सीझन केवढा मोठा, एका टीमचे १६२ सामने. १९८८ साली बाल्टिमोर शहराच्या ओरिओल्स टीमने सुरुवातीचे सलग २१ सामने हरले. एकवीस! आपण आठात गुदमरलो होतो. देशभर त्यांची थट्टा झाली. एक सामना जिंकून, पुन्हा हरून, टीम २ मे रोजी आपल्या गावी खेळायला परतली. त्या रात्री स्टेडियममध्ये पन्नास हजारांवर लोक आले. ट्रॉफीची आशा घेऊन कोण येणार होतं? आपली माणसं हरून घरी आली आहेत, एवढ्यासाठी ते आले. तो सीझन त्यांचा वाईटच संपला. पण ती रात्र त्या गावाने हरू दिली नाही.

आपली वारीही अशीच नाही का? पाऊस पडो न पडो, पीक येवो न येवो, माउलींची पालखी निघते, नीरेत पादुकांना स्नान घडतं आणि लोणंदकडे वाट धरते. वारकरी पांडुरंगाला "यंदाचा रिझल्ट दाखव, मग येतो" म्हणत नाही.

टीम म्हणजे देव नव्हे, हे मात्र पक्कं लक्षात ठेवायचं. टीमला देव केलं की ती हरल्यावर सगळंच कोसळतं. देवाच्या ठिकाणी मन स्थिर असेल तर टीमवर मोकळेपणाने प्रेम करता येतं, आणि तिचं हरणं सोसायलाही जमतं.

मग मॅच बघायची का? बघा की! पुढच्याच ६४ व्या श्लोकात भगवंत सांगतात, विषयांमध्ये वावरूनही ज्याने आवड-नावड ताब्यात ठेवली त्याला प्रसन्नता मिळते. विषय सोडून पळा असं तिथे म्हटलेलं नाही. रिमोट हातात ठेवा, टीव्हीचा आणि मनाचाही.

आजची साधना

१. सामना असेल त्या दिवशी त्याचं चिंतन सामन्यापुरतं. आधी अर्धा तास, नंतर पंधरा मिनिटं. बाकी वेळ रील बंद. ब्रेक पहिल्या पायरीवर लावायचा.

२. टीम हरली की फोन खाली ठेवा, एक पेला पाणी प्या, अकरा वेळा नाम घ्या. त्यानंतरही कमेंट टाकावीशी वाटली तर खुशाल टाका. बहुतेक वेळा वाटणार नाही.

३. हरण्याची पाच कारणं वहीत लिहा. पाचही वेगवेगळी हवीत.

४. दुसऱ्या टीमचा जो मित्र आहे, त्याला आज स्वतःहून फोन करा. "भारी खेळले तुमचे" एवढं म्हणा. घशात अडकेल, पण म्हणा.

५. स्वतःला विचारा, घरात, ऑफिसात, कॉलेजात सध्या "हरत" असलेलं कोण आहे? धाकटा भाऊ, ज्याचा पेपर अवघड गेला. बाबा, ज्यांचा धंदा बसलाय. रूममेट, ज्याचं प्रोबेशन वाढवलं. त्यांची हुर्यो उडवणाऱ्यांत आपण आहोत का? हा पाचवा प्रश्न खरा अभ्यास आहे. मॅच ही फक्त तालीम.

प्रार्थना

पांडुरंगा, जे आवडतं त्याच्यावर प्रेम करायला शिकव, त्याला कोंडायला नको. हरलेल्याच्या बाजूला उभं राहायचं बळ दे. जिंकल्यावर डोकं आणि हरल्यावर तोंड ताब्यात राहू दे. रागाची पहिली पायरी दिसेल एवढा उजेड मनात ठेव. आणि ज्या घरांत अशा रागामुळे अंधार झाला, तिथे तूच जा.

उद्याचा पाठ अध्याय २, श्लोक ६४ आणि ६५. आज उतार बघितला, उद्या चढ बघू. तोवर तुमच्या वहीतली पाच कारणं खाली लिहून कळवा. चेन्नईवाल्यांनी आणि बेंगळुरूवाल्यांनीही लिहायला हरकत नाही, इथे सगळे एकाच दिंडीतले.

राम कृष्ण हरी!